सरासरी आणि हजेरीपट

प्रमाणित चाचणी म्हणजे केवळ छापील प्रश्नांची परीक्षा नव्हे. जी सर्व मुलांना एकाच पद्धतीने व एकाच सूचनांनुसार दिली जाते, जिचे गुण तपासनिसाच्या मर्जीवर अवलंबून नसतात आणि जिचे प्रश्न आधी तशाच मुलांवर पारखून घेतलेले असतात, त्या चाचणीलाच हे नाव शोभते. यांतील शेवटची अट सर्वांत अवघड होय. फ्रान्समध्ये आल्फ्रेड बिने यांनी १९०५ साली सिद्ध केलेली बुद्धिमापनाची कसोटी डॉ. व्ही. व्ही. कामत यांनी आपल्याकडे आणली, तेव्हा ती नुसती भाषांतरित करून ते थांबले नाहीत. धारवाडकडील मराठी आणि कानडी मुलांवर त्यांनी ती नव्याने पारखली. शब्द आणले म्हणजे मोजमापही आपोआप येते असे नाही, हे भाषांतराचा व्यवसाय करणाऱ्याने तरी विसरू नये.

मराठी वाचकाला प्राथमिक शाळेतील परीक्षा म्हटली की चौथीच्या शिष्यवृत्तीची आठवण होते. ती परीक्षा निवडक मुले वेचून काढण्यासाठी असते. येथे विचारात घ्यावयाचा प्रश्न निराळा आहे. संपूर्ण वर्ग किती शिकला, आणि त्यावरून शाळेविषयी काय म्हणता येईल?

दिल्लीला लागून असलेल्या गुरुग्रामचे उदाहरण या दृष्टीने फार बोलके आहे. हरियाणा राज्याने २०१७ साली ‘सक्षम’ नावाची मोहीम हाती घेतली. सरकारी शाळांतील किमान ८० टक्के मुलांची भाषेतील व गणितातील गती त्यांच्या इयत्तेला साजेशी असावी, असे तिचे उद्दिष्ट होते. ज्या विकासगटाने ही मर्यादा गाठली, त्याला बाहेरच्या संस्थेकडून पडताळणी झाल्यावर ‘सक्षम’ म्हणून घोषित केले जाई. उद्दिष्ट स्तुत्यच होते. परंतु ८० हा आकडा एकदा दारावर लावला की आत काय घडू लागते, ते पाहिले पाहिजे.

समजा, एका सरकारी प्राथमिक शाळेत तिसरीच्या वर्गात २५ मुले आहेत आणि त्यांपैकी २० मुले अपेक्षित पातळीवर आहेत. म्हणजे बरोबर ८० टक्के. गुरुग्राममध्ये उंच इमारतींची कामे अखंड चालू असतात आणि बिहार, उत्तर प्रदेश, बंगाल, राजस्थान येथून आलेली मजुरांची कुटुंबे कामामागून काम शोधीत जागा बदलतात. मागे पडलेल्या पाच मुलांपैकी तिघांच्या घरच्यांनी बिऱ्हाड हलविले. आता २२ पैकी २० मुले, म्हणजे जवळजवळ ९१ टक्के! उलट, त्या तिघांऐवजी पाच नवी मुले आली आणि त्यांना अजून जोडाक्षरे वाचता येत नसली, तर ३० पैकी २०. आकडा ६७ वर घसरला. बाई त्याच, फळा तोच, वीस मुलांनी मिळविलेले ज्ञानही तेच. बदलला तो फक्त हजेरीपट. लहान शाळेत एकेका मुलामागे तीन-चार टक्क्यांचा फरक पडतो, ही गोष्ट निकालाचे तक्ते वाचताना सहसा कोणाच्या ध्यानात राहत नाही.

येथेच खरा धोका उद्भवतो. चाचणीला आठवडा उरला असताना एखादी आई नऊ वर्षांच्या, कधीही शाळेत न गेलेल्या मुलाचा हात धरून दाराशी उभी राहते. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याचे चौथे कलम सांगते की, त्याला वयानुरूप वर्गात बसवावे आणि मागे राहिलेला अभ्यास भरून काढण्यासाठी खास शिकवावे. पंधरावे कलम सांगते की, उशिरा आला म्हणून त्याला प्रवेश नाकारता येणार नाही. कायदा पाळणाऱ्या शाळेची सरासरी त्या दिवशी उतरते. ‘पुढच्या महिन्यात या’ असे म्हणणाऱ्या शाळेची उतरत नाही. आकड्याकडे पाहणारा अधिकारी यांतील कोणत्या शाळेची पाठ थोपटील, हे सांगावयास नको. दुसरा परिणाम अधिक सूक्ष्म आहे. मर्यादेच्या अगदी खाली असलेल्या मुलाला थोडा हात दिला तर तो ती ओलांडतो. अक्षरेच न ओळखणारा मुलगा मात्र वर्षभर शिकवूनही कदाचित तिच्या खालीच राहील. साहजिकच शिक्षकाचे लक्ष पहिल्याकडे वळते. अशा शिक्षकाला दोष देणे सोपे आहे; मला ते न्याय्य वाटत नाही.

मोठ्या सर्वेक्षणांचे हेतू याहून वेगळे असतात. १२ नोव्हेंबर २०२१ रोजी झालेल्या राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षणात ७२० जिल्ह्यांतील सुमारे १ लाख १८ हजार शाळा आणि ३४ लाख विद्यार्थी होते. तरीही ती नमुना पाहणीच होती. जिल्ह्याचे चित्र मिळावे हा तिचा उद्देश, एखाद्या शाळेला गुण देणे हा नव्हे. २००५ पासून ‘प्रथम’ संस्थेच्या साहाय्याने होणारी ‘असर’ पाहणी तर शाळेत न जाता घरी जाते आणि एकेका मुलाला जवळ बसवून अक्षर, शब्द, परिच्छेद व गोष्ट वाचावयास सांगते. त्यामुळे गैरहजर मूलही मोजले जाते. मात्र ही पाहणी ग्रामीण भागापुरती आहे. शहरातील बांधकामाशेजारची पत्र्याची वस्ती तिच्या कक्षेत येत नाही.

शाळेचे काम जोखावयाचे असेल तर वर्षारंभी आणि वर्षाखेरीस अशा दोन्ही चाचण्या दिलेल्या मुलांचीच तुलना करावी, आणि मध्ये आलेल्यांची नोंद वेगळ्या रकान्यात ठेवावी. ती नोंद वगळू मात्र नये. एवढ्याने बरेचसे साधते. राहतो तो मधूनच निघून गेलेला मुलगा. पाचव्या कलमानुसार मुख्याध्यापकांनी त्याला शाळा सोडल्याचा दाखला तत्काळ द्यावयाचा असतो. त्या दाखल्यावर इयत्ता लिहिलेली असते. तो गोष्ट वाचू लागला होता की शब्दावरच अडखळत होता, हे नव्या शाळेतील बाईंना त्याला पुस्तक उघडून देऊनच कळते.