धूळ उठते तेथेच

मध्य प्रदेशातील मंदसोर येथे पाटीवर लिहावयाच्या पेन्सिली तयार होतात. शेल नावाचा दगड विजेच्या गोल करवतीने कापून त्या काढतात, आणि कापताना उडणाऱ्या धुळीत सिलिका असते. अहमदाबादच्या राष्ट्रीय व्यावसायिक आरोग्य संस्थेतील संशोधकांची या कामगारांची पाहणी १९८५ साली प्रसिद्ध झाली. तीत ५९३ कामगारांपैकी ५४.६ टक्के लोकांना सिलिकोसिस जडल्याचे आढळून आले. फुप्फुसांचा हा विकार बरा होत नाही. तो जडू न देणे एवढेच हाती असते.

अशा ठिकाणी भिंतीत मोठा पंखा बसवला की काम भागले, ही समजूत फसवी आहे. तो खोलीतील हवा बदलतो खरा; परंतु करवत कामगाराच्या नाकापासून हातभर अंतरावर असते, आणि पंख्याकडे जाणारी धूळ आधी त्याच्या श्वासातून जाते. उकाडा किंवा सौम्य वास घालवण्यास तो पंखा पुरे. सिलिकेची धूळ मात्र उगमापाशीच, शक्य तितके झाकण घालून, ओढून घ्यावी लागते. १९४८ च्या कारखाना अधिनियमाच्या १४ व्या कलमाने हेच सांगितले होते.

फुंकर घालून हातभर अंतरावरची ज्योत विझवता येते, श्वास आत ओढून येत नाही. उघड्या शोषकनळीचेही तसेच. तिच्या व्यासाइतक्या अंतरावर हवेचा वेग तोंडापाशी असतो त्याच्या सुमारे एक दशांशच उरतो. कामाच्या आड येते म्हणून नळीचे तोंड वीतभर मागे सारले की सारा खर्च पाण्यात गेला!

पुढचा प्रश्न देखभालीचा. पंख्याचा आवाज येतो म्हणजे ओढ आहे, असे नव्हे. पट्टा सैल होतो, गाळणपिशव्या तुंबतात, नळीचा सांधा उसवतो. नळीतील वेग सेकंदाला १८ ते २० मीटरांच्या बराच खाली गेला, तर दगडाची धूळ वळणावळणावर साचू लागते. मोटारीच्या तारा उलट जोडल्या गेल्या, तरी केंद्रोत्सारी पंखा थोडी हवा योग्य दिशेनेच ढकलत राहतो. त्यामुळे हा दोष दीर्घकाळ लपतो. जळती उदबत्ती नळीच्या तोंडाशी धरून धूर कोणीकडे वळतो ते रोज पाहावे. पिशव्यांच्या दोन्ही बाजूंच्या दाबातील फरक वहीत नोंदवावा. स्वच्छ दिसणाऱ्या हवेवर विसंबू नये, कारण फुप्फुसात खोल शिरणारे कण डोळ्यांना दिसतच नाहीत.

गाळणपिशव्या रिकाम्या करणाऱ्याचा विचार बहुधा कोणी करीत नाही. दिवसभराची धूळ अखेर त्याच्याच तोंडावर उडते. त्याला चांगला श्वसन-मुखवटा द्यावा आणि पिशव्या झटकण्यापूर्वी इतरांना दूर करावे.