पिंपात चाललेले यंत्र

देवबागेस कर्ली नदी जेथे अरबी समुद्रास मिळते, त्या मुखापासून फार तर दोनशे हातांवर, सुकती जोरात लागलेली असताना, माझ्या होडीचे यंत्र एकाएकी बंद पडले; आणि भाच्याने वल्ह्यांचा नाद सोडून तत्काळ नांगर टाकला नसता, तर आम्ही दोघेही मुखावर फुटणाऱ्या लाटांत सापडलो असतो, याविषयी मला तेव्हा संशय नव्हता व आजही नाही. ते यंत्र मी जुने विकत घेतले होते, आणि पदरमोड करून दुरुस्तही करविले होते. होडीच्या पाठीमागे अडकवावयाचे असे एखादे यंत्र कोणाच्या तरी पडवीत वर्षानुवर्षे पडून असते, मालक ते अल्प किमतीस देऊ करतो, आणि घेणाऱ्यास मोह होतो; अशा माणसासाठी ही कैफियत लिहीत आहे.

माझी चूक खरेदीच्या दिवशीच झाली. विक्रेत्याने यंत्र पाण्याने भरलेल्या पिंपात उभे केले, तिसऱ्या झटक्यास ते सुरू झाले, आणि दोन मिनिटे सुरळीत चाललेले पाहून मी 12,000 रुपये रोख मोजले. त्याने मला फसविले, असे मी म्हणणार नाही. पिंपात ते खरोखरच चालत होते. परंतु पिंपात होडीचा भार ओढावा लागत नाही, आणि दोन मिनिटांत यंत्र पुरते तापतही नाही. त्यामुळे जो दोष उष्णतेनेच प्रकट व्हावयाचा, तो तेथे झाकलेलाच राहतो. पुढे कार्ब्युरेटरची सफाई, नवे प्लग, इंधनाची नळी आणि रंग यांवर आणखी 9,000 रुपये गेले, म्हणजे जे डोळ्यांस दिसत होते त्यावरच सारा खर्च झाला.

मेस्त्रीने वरचे झाकण उघडले तेव्हा खरा प्रकार कळला. थंड पाणी ज्या मार्गांनी सिलिंडरभोवती फिरावयाचे, ते मार्ग पांढऱ्या, दगडासारख्या कठीण मिठाने भरले होते. दुसऱ्या सिलिंडरच्या भिंतीवर उभे ओरखडे पडले होते, इतके खोल की नख अडकावे. “काकानू, मशीन भायरसून बरा दिसता, पण आतसून तेका मिठान खाल्ल्यान,” एवढेच तो म्हणाला. मुखाजवळ यंत्र बंद पडले त्या दिवशी त्याच्या मागील छिद्रातून पडणारी पाण्याची धार बारीक होत होत थेंबांवर आली होती, हे मी पाहिले होते. कचरा अडकला असेल, अशी मनाची समजूत घालून मी पुढे गेलो.

म्हणून पैसे देण्यापूर्वी, विक्रेत्याच्याच अंगणात, पुढील खातरजमा अवश्य करावी. प्रथम प्लग काढून वरचे चक्र हाताने फिरवावे. ते मुळीच फिरत नसेल, तर कितीही स्वस्त असले तरी यंत्र तेथेच ठेवावे. नंतर यंत्र उभे असताना तळाकडच्या गिअरपेटीचा खालचा स्क्रू किंचित सैल करावा. पाणी तेलाहून जड असल्यामुळे ते आधी बाहेर येते, आणि तेल दुधाळ दिसले तर सील गेले आहेत, असे निश्चित समजावे. सील स्वस्त असतात. परंतु ते पाणी कित्येक महिने आत राहिले असेल, तर दाते व बेअरिंगे गंजलेली असण्याचा फार संभव असतो. मग दोन्ही सिलिंडरांतील दाब मापकावर पाहावा, थ्रॉटल पूर्ण उघडा ठेवून आणि दोरी दोन्ही वेळा सारखीच ओढून. त्यांत दहा टक्क्यांहून अधिक तफावत असेल, तर व्यवहार थांबवावा. माझ्या यंत्रात, ते निवल्यावर मोजले तेव्हा, एकात दर चौरस इंचास 110 पौंड दाब होता आणि दुसऱ्यात 70. ॲल्युमिनियमवर रंगाचे फोड आले असतील, तर बोल्टही आत गच्च धरलेले असण्याचा संभव असतो; असा बोल्ट काढताना आतच तुटला, म्हणजे साध्या कामाची मजुरी कितीतरी वाढते.

पाणी ओढणारा रबरी पंखा मात्र न तपासताच नवा घालावा. पडून राहिलेल्या यंत्रात त्याची पाती वाकलेल्या स्थितीतच ताठरतात, आणि पाण्यावाचून अर्धा मिनिट चालविले तरी ती जळतात. सुटे भाग मिळतात की नाही, याची चौकशीही खरेदीपूर्वीच करावी. आणि दुरुस्तीचा अंदाज चांगल्या स्थितीतील तशाच यंत्राच्या किमतीच्या निम्म्याहून वर जात असेल, तर माझ्या मते त्या वाटेस जाऊच नये.

तथापि प्रत्येक जुने यंत्र टाकाऊच असते, असे मुळीच नाही. गतवर्षी शेजाऱ्यांच्या गोठ्यात आठ अश्वशक्तीचे एक यंत्र मिळाले. ते आयुष्यभर धरणाच्या गोड्या पाण्यात चालले होते. चक्र फिरत होते, गिअरचे तेल स्वच्छ होते, दोन्ही दाब जवळजवळ सारखे भरले. रबरी पंखा, नळी व सील बदलून ते आम्ही होडीस लावले, आणि मुखाकडे न जाता खाडीच्या आतल्या अंगास पाऊण तास चालविले. भाचा सुकाणूशी होता. मी मागे वळून बसलो होतो. त्या छिद्रातून करंगळीएवढी धार अखंड पडत होती, आणि तिच्याखाली हात धरला तर पाणी केवळ कोमट लागत होते.