उच्च शिक्षण : जागा आणि पैसा



दलित-पीडित वर्गाला विद्यापीठात आणायचे तर शासनाला दोन गोष्टी द्याव्या लागतात : प्रवेशाची जागा आणि शिकण्याचा खर्च. कोणत्या देशाने काय दिले, हे पाहिले म्हणजे त्याच्या धोरणाचे मर्म कळते.

परमपूज्य बाबासाहेब १९१३ साली कोलंबिया विद्यापीठात गेले ते बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीवर. पैशाचे मोल त्यांनी स्वतः जाणले होते. व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात असताना त्यांनी अस्पृश्यांच्या शिक्षणासाठी निधीचा आग्रह धरला. १९४४ साली अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. शिक्षणातील आरक्षणाला आधार देणारे कलम १५(४) घटनेत आले ते त्यानंतर, १९५१ साली. हा क्रम आपण विसरतो.

अमेरिकेत गरजू विद्यार्थ्याला परत न करावे लागणारे पेल अनुदान मिळते. ते वंश पाहून नव्हे, कुटुंबाची ऐपत पाहून. प्रवेशात वंशाचा विचार करण्याची पद्धत मात्र २०२३ साली तेथील सर्वोच्च न्यायालयाने मोडीत काढली. जागेची बाजू पडली, पैशाची उरली. ऑस्ट्रेलियाने १९८९ पासून फीचे कर्ज केले. मिळकत ठरावीक मर्यादेपुढे गेली की करासोबत फेडायचे. सोय खरी, पण कर्ज ते कर्जच!

ब्राझीलचा कायदा आपण बारकाईने अभ्यासावा. २०१२ च्या या कायद्याने केंद्रीय विद्यापीठांतील निम्म्या जागा सरकारी शाळांत शिकलेल्यांना राखून ठेवल्या. त्यांतील निम्म्या गरीब कुटुंबांना, आणि कृष्णवर्णीय, मिश्रवंशीय व आदिवासी यांना त्या त्या राज्यातील लोकसंख्येच्या प्रमाणात. म्हणजे शाळा, उत्पन्न आणि वंश या तिन्ही कसोट्या एकत्र. शिवाय या विद्यापीठांत शिकवणी फी मुळीच नाही! अर्थात खाजगी संस्थांचा पसारा तेथेही मोठा आहे.

आपल्याकडे २०२० च्या अखेरीस केंद्राने मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीचा ६० टक्के भार स्वतःकडे घेतला, ४० टक्के राज्यांवर ठेवला. केंद्राचा वाटा थेट विद्यार्थ्याच्या बँक खात्यात जातो. हे चांगलेच, पण महाविद्यालय पैसे मागते प्रवेशाच्या वेळी, आणि शिष्यवृत्ती येते मागाहून. मधल्या महिन्यांत शेतमजुराच्या मुलाने काय करावे? राखीव जागा हातात असून सावकाराचे दार ठोठवावे लागते.

तेव्हा धम्मबांधवांच्या संस्थांनी दरवर्षी जून-जुलैत बिनव्याजी प्रवेशनिधी उभारावा, शिष्यवृत्ती जमा झाली की विद्यार्थ्याने तो परत करावा. पुढच्या वर्षी तीच रक्कम दुसऱ्याच्या कामी येईल.