पेनिसिलिन चालत नाही, हे कुणी ठरवलं?

शिरूर (घोडनदी)

चि. बाळास,

तुझं पत्र पोचलं. दौंड तालुक्यातल्या ग्रामीण रुग्णालयात नुकताच रुजू झालास आणि पहिलाच प्रश्न असा विचारलास की वाचून बरं वाटलं. तेरा वर्षांची मुलगी, ऱ्हुमॅटिक तापानं हृदयाची झडप दुखावलेली, दर २१ दिवसांनी बेंझाथिन पेनिसिलिनची सुई चालू होती. मधेच कुणीतरी केस पेपरवर लाल शाईनं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ लिहिलं आणि सुई थांबली. आता तू विचारतोस, “आत्या, हिला ॲझिथ्रोमायसिनवर ठेवू का?”

औषधाचं नंतर बघू. आधी ते दोन शब्द कुणी लिहिले, केव्हा लिहिले आणि कशावरून लिहिले, ते शोधून काढ. क्षयरोग म्हणताना तू थुंकीचा रिपोर्ट मागतोस, मधुमेह म्हणताना साखर मोजतोस. मग पेनिसिलिनची ॲलर्जी हे निदान तेवढं पुराव्याशिवाय का मान्य करायचं? तेही निदानच आहे, आणि एकदा लिहिलं की माणसाला जन्मभर चिकटतं.

मोठ्या देशांतले आकडे तुला ठाऊक असतील. अमेरिकेत दहांतला एक माणूस आपल्याला पेनिसिलिनची ॲलर्जी आहे असं सांगतो. त्यांची नीट तपासणी केली तर शंभरातल्या नव्वदांहून अधिक जणांना पेनिसिलिन बिनघोर चालतं. खरी ॲलर्जी असली तरी ती कायम राहतेच असं नाही. दहा वर्षं औषधाशी संबंध आला नाही, तर दहांपैकी जवळपास आठजणांची ती ओसरते. म्हणजे लाल शाई खरी असली तरी तिला मुदत असते, आणि ती मुदत सहसा कुणी तपासत नाही.

शिरूर-दौंडच्या ओपीडीत हा शिक्का कसा बसतो, ते आता सांगते. एखादी बाई म्हणते, “त्या गोळीनं मला पित्त झालं.” तिथं थांबून विचार, आंबट ढेकर आणि उलट्या झाल्या, की अंगावर गांधी उठल्या? उलट्या हा औषधाचा त्रास आहे, ॲलर्जी नव्हे. गांधी उठल्या असतील तर त्या गोळी घेतल्यापासून किती वेळानं उठल्या, खाज होती का, ओठ किंवा पापण्या सुजल्या का, आवाज बसला का, धाप लागली का, हे विचार. एखादा आजोबा म्हणतो, “सुई सोसत नाही.” सुईच सोसली नाही की सुईतलं औषध? पोरगं तापात होतं, अमॉक्सिसिलिन चालू होतं, चौथ्या दिवशी अंगभर बारीक लाल पुरळ आलं, खाज फारशी नाही. असलं पुरळ बहुतेक वेळा विषाणूचं असतं, पण नाव औषधाचं होतं. काहींना सल्फाची गोळी बाधलेली असते आणि घरात ती पेनिसिलिन म्हणून लक्षात राहते. काहींच्या आईला ॲलर्जी होती, म्हणून तेही स्वतःला तसंच समजतात. आईची ॲलर्जी लेकराला वारशानं मिळत नाही, हे तू ठामपणे सांगायचंस.

आपल्या भागातली आणखी दोन कारणं ध्यानात ठेव. शेतात राबणाऱ्या माणसाच्या चेहऱ्यावर, मानेवर, कोपराच्या लवणीत खाजरी, जाड झालेली कातडी दिसली आणि ती हंगामागणिक वाढत असेल, तर गाजरगवताची आठवण काढ. हे तण आपल्या देशात पहिल्यांदा पुण्याकडेच १९५०च्या दशकात नजरेस आलं, आणि त्याची कातडीला होणारी ॲलर्जी इथल्या डॉक्टरांना चांगली परिचयाची आहे. दुसरं म्हणजे कुरकुंभच्या रासायनिक कारखान्यांतले कामगार. त्यांच्या हातांवरचं पुरळ कामावर आलं की गोळीवर, हे विचारल्याशिवाय कळत नाही.

आता तुझी मुलगी. तू लिहिलंस की सुई दिल्या दिल्या ती पांढरीफटक पडली, घाम सुटला, खाली कोसळली आणि आडवी केल्यावर थोड्या वेळात उठून बसली. नाडी त्या वेळी मंद होती की जलद, हे कुणी लिहून ठेवलंय का बघ. ॲनाफिलॅक्सिसमध्ये नाडी सहसा जलद होते, कातडी लाल होते किंवा गांधी उठतात, छातीत सूंसूं वाजतं. भीतीनं किंवा वेदनेनं येणाऱ्या घेरीत नाडी मंदावते, माणूस फिका पडतो, खाज नसते, आणि आडवं केलं की सावरतो. तुझं वर्णन घेरीकडं झुकतंय. पण एवढ्यावर निर्धास्त होऊ नकोस. झडप फार अरुंद झाली असेल किंवा हृदयच दुबळं झालं असेल, तर असं कोसळणं हृदयामुळंही असू शकतं, आणि अशा रुग्णांत ते जीवघेणं ठरतं. म्हणूनच २०२२मध्ये अमेरिकन हार्ट असोसिएशननं सांगितलं की झडपेचा आजार तीव्र असेल, लक्षणं असतील किंवा हृदयाची ताकद घटली असेल, तर सुईपेक्षा तोंडावाटे औषध बरं. तेव्हा पहिलं काम म्हणजे तिचा ताजा एको. तो बरा निघाला आणि ॲलर्जीच्या खुणा नव्हत्या असं ठरलं, तर तिला पोटभर खायला-प्यायला घालून, आडवं झोपवून, मोठ्या स्नायूत सावकाश सुई दे. त्यानंतर अर्धा तास तिला नजरेखाली ठेव.

सुई सोडू नकोस, हे मी एवढं ठासून का सांगते? कारण तोंडावाटेचं औषध सुईइतकं खात्रीचं नाही. गोळी चुकते, आणि पुन्हा ताप आला की झडप आणखी बिघडते. आणि भीतीचं माप काढायचं तर १९९१मधला एक मोठा आंतरराष्ट्रीय अभ्यास बघ. १,७९० रुग्णांना ३२,४३० सुया दिल्या. ॲनाफिलॅक्सिस चौघांना झाला आणि एकजण दगावला. तो एक जीव माझ्या लेखी लहान नाही, पण दहा हजार सुयांमागे साधारण एक ॲनाफिलॅक्सिस, हे प्रमाण डोळ्यांसमोर ठेवूनच निर्णय घे.

टेस्ट डोसबद्दल विचारलंस. आपल्याकडं सिस्टर औषधाचा पातळ थेंब कातडीत टोचतात, वीस मिनिटांनी बघतात आणि कागदावर ‘एटीडी’ (आफ्टर टेस्ट डोस) लिहितात. खरी त्वचाचाचणी वेगळी असते. तिला पेनिसिलिन शरीरात फुटून जे घटक तयार होतात ते लागतात, आणि ते आपल्या तालुक्याच्या कपाटात नसतात. नुसत्या कुपीतल्या औषधाचा थेंब कधी उगाच लाल होतो आणि चांगल्या माणसावर शिक्का मारतो, तर कधी शांत राहतो आणि पुढची पूर्ण मात्रा दगा देते. तुझ्या रुग्णालयाचा नियम असेल तर तो पाळ, पण त्या थेंबाच्या भरवशावर ॲड्रेनलिनचा ट्रे लांब ठेवू नकोस.

मग शिक्का तपासायचा कसा? ऑस्ट्रेलियातल्या डॉक्टरांनी २०२०मध्ये मांडलेली ‘पेन-फास्ट’ ही सोपी मोजणी पाठ कर. त्रास पाच वर्षांच्या आत झाला असेल तर दोन गुण. ॲनाफिलॅक्सिस, चेहऱ्याची सूज किंवा कातडीचा गंभीर आजार झाला असेल तर दोन. उपचार घ्यावे लागले असतील, किंवा ते आठवतच नसेल, तर एक. बेरीज तीनच्या खाली आली तर खरी ॲलर्जी निघण्याची शक्यता शंभरात पाचाहून कमी. अशा मोठ्या माणसांना त्वचाचाचणी न करता थेट अमॉक्सिसिलिनची एक मात्रा देखरेखीखाली द्यावी का, याचा अभ्यास २०२३मध्ये प्रसिद्ध झाला. थेट मात्रा घेणाऱ्या गटात एकालाच त्रास झाला, आणि आधी त्वचाचाचणी झालेल्या गटातही एकालाच. ही मोजणी मोठ्यांसाठी आहे. लहान मुलांत ती जशीच्या तशी लावू नकोस, तिथं इतिहास आणि पुरळाचं रूप हेच बघ.

थेट मात्रा देणार असशील तर सकाळी दे, रुग्ण बरा असताना, दमा आटोक्यात असताना. सेटिरिझिनसारखी गोळी चालू असेल तर ती आधी काही दिवस थांबव, नाहीतर खूण झाकली जाईल. नातेवाइकांना समजेल अशा मराठीत सांग आणि लेखी संमती घे. मात्रेनंतर तासभर समोर बसव. घरी गेल्यावर दोन-तीन दिवसांत पुरळ आलं तर फोन करायला सांग.

आणि जिथं हात लावायचा नाही, तेही पक्कं कर. ज्याच्या तोंडात, डोळ्यांत फोड आले होते, कातडी सोलून निघाली होती, तापासह यकृत किंवा मूत्रपिंड बिघडलं होतं, किंवा औषधानं रक्तपेशी फुटल्या होत्या, त्याला पेनिसिलिनची चाचणी कधीही, कुठंही द्यायची नाही. अलीकडेच झालेला ॲनाफिलॅक्सिस असेल, तर पुण्याला पाठव. दौंडहून रेल्वे आहे, शिरूरहून रस्ता आहे. ससून किंवा वैद्यकीय महाविद्यालयाचं दुसरं रुग्णालय गाठता येतं. गरोदर बाईची उपदंशाची तपासणी पॉझिटिव्ह आली आणि तिला खरी ॲलर्जी असेल, तरीही पेनिसिलिनच लागतं, कारण बाळापर्यंत पोचून खात्रीनं काम करणारं दुसरं औषध नाही. तिला मोठ्या रुग्णालयात थोड्या थोड्या मात्रेनं औषधाची सवय लावतात. ती सवय उपचारापुरतीच टिकते, म्हणून तिच्या कार्डावरचा शिक्का मात्र ठेवायचा.

शिक्क्यानं काय बिघडतं, असं सहकारी विचारतील. पेनिसिलिन बंद झालं की आपण जड औषधांकडं वळतो. ब्रिटनमधल्या मोठ्या पाहणीत शिक्का असलेल्यांमध्ये औषधाला न जुमानणारा स्टॅफ जंतू ६९ टक्क्यांनी आणि आतड्याचा सी. डिफिसिल संसर्ग २६ टक्क्यांनी अधिक सापडला. आपल्याकडं त्यात आणखी एक भर. खोकल्याच्या रुग्णाला पेनिसिलिन चालत नाही म्हणून लेव्होफ्लॉक्सासिन दिलं की क्षयरोग काही काळ दबतो आणि निदान लांबतं. सेफॅलोस्पोरिनबद्दल ‘दहा टक्के धोका’ ही जुनी समजूतही सोडून दे. खरा आकडा दोन टक्क्यांच्या आसपास आहे. अमॉक्सिसिलिननं लगेच त्रास झाला असेल तर सेफॅड्रॉक्सिल आणि सेफॅलेक्सिन टाळ, कारण त्यांची बाजूची साखळी सारखी आहे. शस्त्रक्रियेआधीचं सेफॅझोलिन वेगळ्या घडणीचं आहे.

ॲनाफिलॅक्सिस झालाच, तर हात एव्हिल-डेक्साकडं जाऊ देऊ नकोस. पहिलं औषध ॲड्रेनलिन, मोठ्या माणसाला एकास हजार ताकदीचं अर्धा मिलि, मांडीच्या बाहेरच्या स्नायूत. पाच मिनिटांत फरक नसेल तर पुन्हा. रुग्णाला आडवं ठेव, पाय उंच कर, ऑक्सिजन लाव, सलाइन जोरात सोड, आणि १०८ला फोन कर. बाकीची औषधं त्यानंतर. हे तू एकट्यानं पाठ करून उपयोग नाही. सिस्टर आणि वॉर्डबॉयसह महिन्यातून एकदा कोरडी तालीम घे, आणि कुपीची मुदत त्याच दिवशी बघ.

शेवटचं काम लिहिण्याचं, आणि तेच सर्वांत जास्त टाळलं जातं. नुसतं ‘पेनिसिलिन ॲलर्जी’ असं कधी लिहू नकोस. कोणतं औषध, कोणत्या तारखेला, किती वेळानं काय झालं, काय उपचार केले, त्यानंतर त्याच जातीचं कुठलं औषध पचलं, एवढं लिही. शिक्का खोटा ठरला तर जुन्या ओळीवर रेघ मारून सही-तारीख घाल, रुग्णाला मराठीत कार्ड दे, मोबाइलमध्ये त्याचा फोटो काढायला लाव, गावच्या औषधवाल्याला आणि आशाताईला कळव. गळीत हंगामात आपल्याकडच्या साखर कारखान्यांवर बीड-अहिल्यानगरकडून ऊसतोड कामगार येतात. त्यांच्या मागं केस पेपर येत नाही. खिशातलं कार्ड हीच त्यांची फाइल. आपल्याच शिरूर तालुक्यात वढूला पुण्याच्या केईएमचं संशोधन केंद्र २००२पासून गावागावांतल्या घरांची आरोग्यनोंद ठेवतंय. खेड्यात नोंद टिकत नाही ही सबब मला चालणार नाही.

एक गंमतही सांगते. देशातला पेनिसिलिनचा सरकारी कारखाना, हिंदुस्तान अँटिबायोटिक्स, १९५४मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफच्या मदतीनं उभा राहिला तो आपल्याच जिल्ह्यात, पिंपरीला. त्याच जिल्ह्यातल्या मुलीला हे औषध नाकारायचं असेल, तर त्याला लाल शाईपेक्षा भक्कम कारण लागेल.

तर सोमवारी पहिलं काम म्हणून मुलीचा एको मागव, जुन्या सिस्टरला भेटून त्या दिवशी काय घडलं ते त्यांच्याच शब्दांत लिहून घे आणि मुलीच्या आईला समोर बसवून सगळं सांग. रिपोर्ट आल्यावर मला फोन कर, म्हणजे सुई कधी सुरू करायची ते ठरवू. तोवर ॲझिथ्रोमायसिनवर ठेवू नकोस. सुई चुकलेल्या या दिवसांत एरिथ्रोमायसिन २५० मिलीग्रॅम दिवसातून दोनदा दे, आणि तिची दुसरी औषधं त्याच्याशी जुळतात का ते आधी बघ.

घरी सर्व क्षेम. जेवणाची आबाळ करू नकोस.

तुझी,
आत्या