थेंबभर रक्त

पाऊस सुरू झाला की आमच्या रत्नागिरी जिल्ह्यात जागोजागी पाणी साचते. विहिरीत, टाकीत, शेताच्या कडेला डास वाढतात. मग वाडीत कुणाला तरी थंडी वाजून ताप भरतो. अशा वेळी आरोग्यसेवक किंवा आशाताई येतात आणि म्हणतात, "बोट पुढं करा. रक्त तपासायचं आहे."

काही माणसे मागच्या दाराने निघून जातात. "आधीच अंगात रक्त नाही, त्यात आणखी काढणार!" असे म्हणतात. ही भीती खरी आहे का, ते आपण पाहू.

ताप पुष्कळ प्रकारचे असतात. हिवताप, डेंग्यू, लेप्टो यांचा ताप सुरुवातीला सारखाच वाटतो. हिवतापाचे जंतू रक्तात असतात. ते डोळ्यांना दिसत नाहीत, सूक्ष्मदर्शकातून दिसतात. हे जंतू डासाच्या पोटात वाढतात, हे रोनाल्ड रॉस यांनी १८९७ साली सिकंदराबादला शोधून काढले. हिवतापाचेही प्रकार आहेत. प्रत्येकाचे औषध वेगळे. एक प्रकार तर मेंदूपर्यंत जातो आणि जीव घेतो. म्हणून ताप येताच रक्त तपासावे. त्यासाठी दोन-चार थेंब पुरतात. तेवढ्याने अशक्तपणा येत नाही.

आता रक्त घेण्याची योग्य रीत लक्षात ठेवू.

आधी हात धुवावे. हात गार असेल तर चोळून ऊबदार करावा. डाव्या हाताचे मधले बोट किंवा अनामिका घ्यावी. करंगळी नको. तिची कातडी पातळ असते आणि हाड जवळ असते. स्पिरिटच्या बोळ्याने बोट पुसावे आणि वाळू द्यावे. ओल्यावर टोचले तर झोंबते आणि रक्ताचा नमुनाही बिघडतो. बोटाच्या अगदी टोकाला न टोचता पेराच्या बाजूला टोचावे. पहिला थेंब कोरड्या कापसाने पुसून टाकावा. पुढचे थेंब काचपट्टीवर घ्यावे. बोट फार पिळू नये. पिळल्याने अंगातले पाणी रक्तात मिसळते. शेवटी कोरडा कापूस दाबून धरावा. काचपट्टीवर नाव किंवा नंबर लगेच घालावा. नाहीतर एकाचे औषध दुसऱ्याला जायचे!

तान्ह्या बाळाचे बोट टोचत नाहीत. त्याच्या टाचेच्या कडेला टोचतात.

सगळ्यात मोठा नियम एकच : एक माणूस, एक सुई. एकाला टोचलेली सुई दुसऱ्याला कधीच टोचू नये, मग ती दोघे नवरा-बायको असोत की मायलेकरे. पुसून किंवा स्पिरिट लावून सुई शुद्ध होत नाही. तिच्यावर डोळ्याला न दिसणारे रक्त राहते. त्यातून यकृताची कावीळ आणि एड्सचे विषाणू दुसऱ्याच्या अंगात जाऊ शकतात. वापरलेली सुई उकिरड्यावर टाकू नये. तिच्यासाठी टोचून फुटणार नाही असा पांढरा डबा असतो. त्यातच ती टाकावी.

म्हणून आम्ही सांगतो, पळू नका. बोट पुढे करा. मात्र सुईचे पाकीट आपल्यासमोर फोडले जाते की नाही, ते पाहा. दिसले नाही तर विचारा, "ताई, सुई नवी आहे ना?" असे विचारण्यात कुणाचा अपमान नाही. चांगली ताई स्वतःच पाकीट दाखवील.

प्रश्न
१. पहिला थेंब का पुसतात?
२. एकाच घरातल्या दोघांना एक सुई का चालत नाही?
३. तुमच्या गावचे उपकेंद्र कुठे आहे? त्याचे नाव पाटीवर लिहा.