पान्याला पाइप लावण्याआधी

मृग तोंडावर आला होता. आमच्या देवळी तालुक्यातल्या काळ्या मातीत पहिल्या पावसाआधी वखरणी आटोपली नाही तर ट्रॅक्टर रुततो, हे सांगायला नको. नेमका तेव्हाच आमचा तीन सिलिंडरचा ट्रॅक्टर सायलेन्सरच्या मुळाशी फट्फट् वाजू लागला. मॅनिफोल्ड आणि हेडच्या सांध्यावर काजळीचा पट्टा उमटलेला. पॅकिंग जळालं होतं. तासाभराचं काम, असं धरून मी भर दुपारी पाना हातात घेतला.

सहा नट होते. चार निघाले. पाचवा हलेना, म्हणून पान्याला दोन फुटी पाइप लावून अंगाचा भार टाकला. पाना फिरला. सुटला एकदाचा, असं वाटलं. पण तेव्हा हाताला जे लागलं ते अजून आठवतं. रबर पिळावं तसं मऊ. पुढच्याच क्षणी स्टड हेडच्या पातळीवर तुटला आणि नटासकट पान्यात आला.

तिथे थांबलो असतो तरी निभावलं असतं. मी तुटलेल्या स्टडला भोक पाडून इझी-आउट फिरवला. तोही आत तुटला. इझी-आउट कडक पोलादाचा असतो, त्यावर साधं ड्रिल नुसतं घसरतं. हेड उतरवून वर्ध्याला लेथवाल्याकडे न्यावं लागलं. नऊ दिवस गेले, पाऊस येऊन गेला आणि त्या वर्षी आमची कपाशी साऱ्या शिवाराच्या मागून लागली. लेथवाल्या काकांनी हेड उलटसुलट करून पाहिलं आणि एवढंच म्हणाले, "एवळी घाई कायची होती बावा? रातभर तेल पिऊ द्यायचं होतं ना त्याले."

मॅनिफोल्डचा नट बाकीच्या नटांसारखा नसतो. भार ओढताना तिथून जाणारा धूर पाचशे अंशांच्या घरात तापतो, रात्री सगळं गार होतं. वर्षानुवर्षं हे चालतं. लोखंड गंजलं की गंज मूळ लोखंडापेक्षा जास्त जागा घेतो, म्हणून आट्यांमध्ये तो पाचर ठोकल्यासारखा बसतो. स्टड मात्र आठ मिलिमीटरचा, तोही उष्णतेने कमजोर झालेला. पाइप लावला की नट सुटण्याआधी स्टडच पिळतो.

म्हणून आदल्या संध्याकाळीच सुरुवात करा. इंजिन गार असताना आटे तारेच्या ब्रशने साफ करा, गंज सोडवणारं तेल मारा आणि स्टडच्या टोकावर लहान हातोडीने हलके ठोके द्या. ठोक्यांनी गंजाला बारीक भेगा पडतात आणि तेल आत उतरतं. रात्री एकदा, पहाटे एकदा पुन्हा तेल. पाना सहा कोनांची गोटीच घ्या. बारा कोनांचा रिंगपाना गंजलेल्या नटावरून सटकतो, नट गोल होतो आणि मग धरायला काही उरत नाही.

पहिला जोर सोडण्याच्या नव्हे, आवळण्याच्या दिशेला, अगदी केसभर. मग उलट. 'कट्' असा आवाज आला तर गंज सुटला समजा. अर्धा फेरा बाहेर, पाव फेरा आत, मध्ये तेलाचा थेंब, असं करत काढा. आवाज न येता पाना मऊपणे फिरू लागला, तर तत्काळ हात काढा. मी नेमका तिथेच चुकलो.

तरीही हलला नाही तर गॅस-वेल्डिंगवाल्याला बोलवा. आच नटाला द्यायची, स्टडला नाही. तेल आधी पुसून घ्या. नट मंद लाल झाला की तो फुगतो. लाली जाऊन थोडा निवला की मेणबत्ती टेकवा, वितळलेलं मेण आट्यांत ओढलं जातं. डिझेलची टाकी आणि नळ्या जवळच असतात, म्हणून टाकी उतरवा, बॅटरीची तार काढा आणि हे काम कुटाराच्या कोठ्याजवळ किंवा पऱ्हाटीच्या ढिगाजवळ मुळीच करू नका. गाडीचं हेड अ‍ॅल्युमिनियमचं असेल तर आच देऊच नका. ते ६६० अंशांना वितळतं आणि त्याआधी लाल होऊन इशाराही देत नाही.

एवढ्यानेही नाही जमलं, तर नट छिन्नीने फोडा. नट बाजारात मिळतो. स्टड तुटलाच आणि थोडा बाहेर उरला असेल, तर त्यावर नवा नट वेल्ड करून घ्या. त्या उष्णतेनेच तो बरेचदा ढिला होतो. पातळीवर तुटला असेल तर घरी ड्रिल लावू नका. भोक तिरपं गेलं की हेडचे आटे गेले.

जोडताना स्टड-नट नवे घ्या, आट्यांना तांब्याचं ग्रीस लावा, मधल्या नटापासून कडेकडे आवळत जा. मी तेव्हापासून हेच करतो. परवा पॅकिंग पुन्हा बदललं, तर सहाही नट साध्या पान्याने निघाले.

सांध्यावरची काजळी अक्षय तृतीयेच्या सुमारास एकदा पाहून घ्या. तेव्हा मृगाला अजून तीनेक आठवडे तरी असतात.