साचा मिटण्याआधी

पफ म्हणजे पॉलियुरेथेनचा फोम. फ्रिजच्या भिंतीत, कोल्ड स्टोरेजच्या पॅनलमध्ये तोच भरलेला असतो. दोन पातळ द्रव एकत्र ढवळले की थोड्याच वेळात ते दुधाळ होतात, फुगू लागतात, वीस-पंचवीस पट जागा व्यापतात आणि काही मिनिटांत टणक होतात. उघड्या बादलीत हे पाहिलं की वाटतं, एवढ्या हलक्या फेसाला आवरायला असा किती जोर लागणार? बंद साच्यात त्याचं उत्तर टनांत येतं. मी मोर्शीत फायबरचं काम करतो. कूलरच्या टाक्या, पाण्याचे हौद, दुकानांच्या पाट्या. ज्यांना शेडमध्ये स्वतःच साचा करून तरंगत्या फळीचा गाभा ओतायचा आहे, त्यांच्यासाठी हे लिहितो आहे.

ही फळी म्हणजे खरं तर सर्फबोर्डच. आत फोमचा गाभा, वर फायबरचं कातडं. मोर्शीला समुद्र नाही, पण सिंभोऱ्याला अप्पर वर्धा धरण आहे, तेरा दरवाजांचं, आणि त्याचा पाणपसारा नजर पोहोचत नाही असा आहे. मासे धरणारे भोई बांधव या पाण्यावर रोज जातात. थर्माकोलचे तुकडे दोरीनं बांधलेला तराफा, ट्रकची ट्यूब, जे मिळेल ते घेऊन. १४ सप्टेंबर २०२१ रोजी शेजारच्या वरूड तालुक्यात झुंज इथं वर्धा नदीत नाव उलटली आणि अकरा माणसं गेली. त्यानंतर इकडे कुणी पाण्याकडे पूर्वीसारखं पाहू शकलं नाही. काठावर अशी एखादी वस्तू असावी की एका माणसानं उचलावी, पालथं पडून हातांनी वल्हवत बुडणाऱ्यापर्यंत जावं आणि त्याला धरायला काही द्यावं, हा विचार तिथूनच मनात बसला.

हा विचार नवा नाही. १४ जून १९२५ला कॅलिफोर्नियात न्यूपोर्टजवळ थेल्मा नावाची मासेमारीची बोट लाटांत उलटली. हवाईचा ऑलिंपिक जलतरणपटू ड्यूक काहानामोकू तेव्हा तिथंच होता. त्यानं आपल्या लाकडी फळीवर फेऱ्या मारून आठ जणांना बाहेर काढलं. त्या बोटीवरची सतरा माणसं वाचली नाहीत, पण जी बारा वाचली त्यांतली आठ एका फळीमुळे. किनाऱ्यावरच्या जीवरक्षकांच्या हाती फळी येण्यामागे या घटनेचा मोठा वाटा आहे. तेव्हाच्या फळ्या भरीव लाकडाच्या, उचलायला जड. पुढं बाल्सा आला, आणि १९५०च्या दशकाच्या शेवटी होबी ऑल्टर आणि गॉर्डन क्लार्क यांनी कॅलिफोर्नियात पॉलियुरेथेनचा फोम साच्यात ओतून गाभे काढायला सुरुवात केली. क्लार्कचा कारखाना नंतर इतका वाढला की अमेरिकेतल्या बहुतेक फळ्यांच्या पोटात त्याचाच फोम असायचा. त्याचे साचे काँक्रीटचे होते. फेस ओतायला काँक्रीट कशाला, याचं उत्तर मला गणित मांडल्यावर कळलं. ते तुम्हीही कागदावर मांडून पाहा.

आठ फूट लांब, बावीस इंच रुंद फळी धरा. टोकं निमुळती असतात, म्हणून तिचं वरून दिसणारं क्षेत्रफळ सुमारे अकरा हजार चौरस सेंटिमीटर भरतं. साचा पूर्ण भरावा, कोपऱ्यात पोकळी राहू नये, म्हणून फोम गरजेपेक्षा थोडा जास्त ओतावा लागतो. त्यानं आतला दाब वाढतो. तो दर चौरस सेंटिमीटरला फक्त अर्धा किलो धरला, तरी झाकणावर साडेपाच टन जोर येतो. संत्र्यांनी भरलेला मिनीट्रक झाकणाखालून वर ढकलतो आहे असं समजा.

आमचं पहिलं झाकण अठरा मिलिमीटरच्या प्लायचं होतं, आतून फायबरचं अस्तर दिलेलं, आणि कडेनं सगळीकडून बोल्ट आवळलेले. कडा जागच्या हलल्या नाहीत. झाकण मधून पुरीसारखं फुगलं. माझ्या जोडीदाराच्या ते आधी ध्यानात आलं. “भाऊ, झाकन उचलून रायलं ना!” असं तो म्हणतो आहे तोवर एका बाजूच्या फटीतून गरम फोम बाहेर आला आणि त्याच्या बाहीवर, मनगटावर चिकटला. ताज्या पफची मधली उष्णता शंभर अंशांच्या वर सहज जाते आणि तो चिकटला की ओढून निघत नाही. नशीब की बाही जाड होती.

बहुतेक लोक इथंच चुकतील असं मला वाटतं. ते बोल्ट वाढवतील. बोल्ट पुरेसे होते. बारा मिलिमीटरचे चांगले बोल्ट एवढा ताण घेतात. कमी पडतो तो झाकणाचा ताठपणा. म्हणून साच्याच्या दोन्ही अर्ध्या भागांना पाठीमागून आधार हवा. फायबरच्या साच्याला आडवे लोखंडी चॅनल, फूट-फूट अंतरावर, आणि प्रत्येक चॅनलच्या दोन्ही टोकांना आरपार बोल्ट, म्हणजे वरचा आणि खालचा चॅनल एकमेकांना धरून ठेवतात. नाहीतर सळई घालून काँक्रीट भरा. पण तेव्हा प्रत्येक अर्ध्या भागाचं वजन पाचशे किलोच्या घरात जातं. शेडच्या कैचीला चेन पुली टांगायच्या आधी ती कैची हे वजन पेलेल का, ते लोहारकाम जाणणाऱ्याला विचारा. काँक्रीट नुसतं पक्कं होऊन भागत नाही, ते आतपर्यंत कोरडंही व्हायला हवं. त्यातलं पाणी फोमशी काय करतं ते पुढं येईलच.

साच्याआधी पॅटर्न. तो लाकडाचा किंवा पुट्टी मारलेल्या फोमचा करा, वॉटर पेपरनं घासून गुळगुळीत करा आणि दोन भाग जिथं मिळतात ती रेघ फळीच्या सर्वांत रुंद कडेवरच ठेवा. ती रेघ जरा खाली-वर झाली की गाभा साच्यात अडकतो. पफ जवळजवळ सगळ्यालाच चिकटतो, मेणाला आणि पॉलिथिनला सोडून. म्हणून मेणाचे बरेच हात द्या आणि प्रत्येक हात वाळू द्या. हवा निघायला बारीक भोकं वरच्या भागात, टोकांकडे ठेवा. फेस पुढं सरकताना हवेला ढकलत जातो आणि तिला वाट मिळाली नाही तर नेमकी टोकं पोकळ राहतात. पाण्यात काठाला आपटतात तीच टोकं.

किती ओतायचं, हा अंदाजाचा विषय नाही. पॅटर्न पाण्यात बुडवून त्याचं आकारमान मोजा. आठ फुटी फळी साधारण नव्वद लिटरची होते. घनमीटरला पंचेचाळीस किलो घनतेचा गाभा हवा असेल तर चार किलोच्या आसपास माल लागतो. दोन्ही द्रव पुरवठादाराच्या कागदावरच्या प्रमाणात आणि वजनकाट्यावर मोजा, डब्याच्या मापानं नको. चार किलो माल हातानं काठीनं ढवळून वेळेत एकजीव होत नाही, त्यासाठी ड्रिलला पंखा लावावा लागतो. आणि प्रत्येक नव्या डब्याचा, प्रत्येक वेगळ्या हवेच्या दिवशी, आधी कागदी ग्लासात नमुना करा. किती सेकंदांत दुधाळ झाला, किती वेळात वाढायचा थांबला, गार झाल्यावर घनता किती, ते लिहून ठेवा. मोर्शीत मे महिन्यात पारा पंचेचाळीसकडे जातो, तेव्हा हाच माल बादलीतच फुगायला लागतो. डिसेंबरच्या पहाटे गार साच्याला लागलेला फोम नीट फुगतच नाही, कडेला जड साल धरतो आणि तेवढा माल कमी पडतो. मी दिवाळीनंतरचे दिवस धरतो, दुपारी, साचा उन्हात कोमट करून.

पावसाळ्यात मात्र हे काम करूच नका. या दोन द्रवांपैकी तपकिरी असतो त्याला कारागीर नुसतं ‘आयसो’ म्हणतात. पाण्याशी त्याची रासायनिक क्रिया होते आणि कार्बन डायऑक्साइड वायू सुटतो. मालात मोजून घातलेलं थोडं पाणी फोम फुगवतं. साच्याच्या ओलाव्यातलं न मोजलेलं पाणी गाभ्याच्या कातड्याखाली फोड आणतं. डब्यात ओल शिरली तर तोच वायू बंद डब्यात साठतो, डबा फुगतो आणि फुटूही शकतो. ओल शिरल्याचा संशय आला की तो डबा घट्ट बंद करू नका. सैल झाकून उघड्या जागी, माणसांपासून दूर ठेवा आणि पुरवठादाराला कळवा. उरलेला मिसळलेला मालही बादलीत ढीग करून टाकू नका, पातळ पसरा. जाड ढिगाची आतली उष्णता बाहेर पडत नाही, आतून जळका वास येतो, कधी धुमसतो. आणि पफ जाळून विल्हेवाट लावू नये. त्याच्या धुरात कार्बन मोनॉक्साइडबरोबर हायड्रोजन सायनाइडही असतं.

आता आयसोबद्दल, ज्यासाठी खरं म्हणजे मी लिहायला बसलो. आयसो म्हणजे आयसोसायनेट. २ आणि ३ डिसेंबर १९८४च्या मधल्या रात्री भोपाळमध्ये जे सुटलं ते मिथाइल आयसोसायनेट होतं. आपल्या डब्यातलं एमडीआय ते नव्हे. ते साध्या तापमानाला फार कमी उडतं, आणि टीडीआय नावाच्या भावंडापेक्षाही सौम्य मानतात. पण कुळ एकच आहे, आणि या कुळाचा एक गुण मी जवळून पाहिला आहे. ते शरीराला चिडवून ठेवतं. कुणाला महिन्यांत, कुणाला वर्षांनी, कुणाला कधीच नाही, पण एकदा शरीर चिडलं की पुढं त्याचा अगदी थोडा अंशही दम्याचा झटका आणतो. हे उलटत नाही.

माझ्या जोडीदाराला आधी संध्याकाळी खोकला यायचा. कामाच्या वेळी काही नाही, घरी गेल्यावर, रात्री. त्याला वाटलं धूळ असेल, मला वाटलं हवा बदलली. “छातीत धरल्यावानी होते भाऊ,” असं तो म्हणायचा आणि सकाळी पुन्हा शेडवर हजर. रविवारी घरी असला की बरा. अमरावतीच्या डॉक्टरांनी फुंकर मारून घ्यायची तपासणी केली आणि पहिला प्रश्न कामाचा विचारला. आठवड्याच्या सुटीत आराम आणि कामाच्या दिवशी रात्री त्रास, ही खूण त्यांनी लगेच धरली. तो आता पफच्या जवळ येत नाही. फायबरचं कापकाम तो शेडच्या बाहेर, दुसऱ्या जागी करतो. इतका निगुतीचा हात त्या कामातून उठला याचं मला फार वाईट वाटतं.

म्हणून सांगतो. नाकावर बांधलेला रुमाल किंवा धुळीचा मास्क या वाफेपुढे काही कामाचा नाही. सेंद्रिय वाफेचं काडतूस आणि धुळीची गाळणी दोन्ही असलेला, चेहऱ्याला घट्ट बसणारा मास्क हवा. दाढी असली तर तो बसत नाही. वास आला नाही म्हणजे हवा स्वच्छ आहे असं समजू नका, कारण घातक प्रमाणातही आयसोला वास नसतो. हातमोजे नायट्राइलचे, बाही पूर्ण, डोळ्यांना चष्मा. अंगावर पडलं तर आधी पुसा, मग साबणपाण्यानं धुवा. शेडला समोरासमोर दारं उघडी आणि पंखा हवा बाहेर फेकणारा. घरात कुणाला दमा असेल तर हे काम घरी आणूच नका. ज्याला आधीच त्रास सुरू झाला आहे त्यानं मास्क घालून पुन्हा करून पाहावं, असं मी कुणालाही सांगणार नाही.

क्लार्कनं ५ डिसेंबर २००५ला आपला कारखाना एका दिवसात बंद केला. जाताना लिहिलेल्या पत्रात त्यानं टीडीआय, सरकारी नियम आणि कामगारांचे दावे यांचा उल्लेख केला होता. फळ्या बनवणारे तो दिवस अजून ‘ब्लँक मंडे’ म्हणून आठवतात; ब्लँक म्हणजे फळीचा गाभा. अनेक दशकं साचे चालवणाऱ्याला जे जड गेलं ते पत्र्याच्या शेडमध्ये सोपं होईल, असं मानायला काही आधार नाही.

आणि तुम्हाला एक-दोनच फळ्या हव्या असतील तर साचा करूच नका, हे मी अगदी मनापासून सांगतो. जड घनतेचा थर्माकोलचा ठोकळा आणा, गरम तारेनं कापा, मग मधोमध उभी पातळ लाकडी पट्टी कण्यासारखी चिकटवा आणि घासून आकार द्या. तार उघड्या हवेत चालवा, तिचा धूरही चांगला नसतो. फक्त एक लक्षात ठेवा: कूलरच्या टाकीला वापरतो ते पॉलिएस्टर रेझिन थर्माकोलवर लावलं की थर्माकोल विरघळून जातो. त्यावर इपॉक्सीच लावायचं. ते महाग आहे, पण साच्याचं लोखंड, मेण, वाया गेलेला माल हे सगळं मांडलं तर स्वस्तच पडतं. थर्माकोलला भेग गेली तर तो पाणी पितो, पफ कमी पितो. म्हणून फळी दगडावर आपटली की लगेच वाळवून भेग बुजवा. साचा तेव्हाच परवडतो, जेव्हा एकसारख्या बऱ्याच फळ्या हव्यात, समजा काठावरच्या अनेक गावांसाठी, आणि पाठीशी पैसा, जागा आणि शिकलेला माणूस आहे.

साचा केलाच, तर तो घाईनं उघडू नका. रात्रभर बंद राहू द्या, नाहीतर आतली उष्णता गाभ्याला बाहेर आल्यावर पुन्हा फुगवते आणि सरळ ओतलेली फळी वाकडी होते. कातडं चढवून झालं की दोन्ही कडांना दोरीच्या मुठी बसवा, बुडणाऱ्याच्या ओल्या हाताला गुळगुळीत फायबर धरता येत नाही. रंग पांढराच द्या. गडद फळी मे महिन्यात उन्हात राहिली तर आतला वायू फुगतो आणि कातडं गाभ्यापासून सुटतं. धरणाच्या पाण्यात चाचणी करायची तर परवानगी घेऊन, काठाजवळ, लाइफ जॅकेट घालून करा. एक माणूस फळीवर पालथा, दुसरा पाण्यात मूठ धरून लोंबकळलेला, आणि तशा स्थितीत फळीचं नाक पाण्यावर राहतं का ते बघा. नाक बुडत असेल तर मुठी हातभर मागं सरकवा आणि पुन्हा पाण्यात उतरा.